25 मायक्रोसेकंद आणि एक रविवार

"सर, तुमच्या रेडिओला सर्दी झालीय."

सोमवारी सकाळी, हातात पहिला चहासुद्धा पडलेला नसताना, आमच्या कॉलेजच्या कँटीनवाल्या मामांनी हे निदान केलं. माझा अख्खा रविवार ज्या कामात जळला (आणि डाव्या हाताचा अंगठाही), त्या कामाला जगाकडून मिळालेली ही पहिली दाद.

आमचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन 50 वॉटचं. त्यात एक ॲनलॉग ऑडिओ प्रोसेसर आहे. कुणी माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतून सेकंडहँड आणून दिलेलं धूड. अमेरिकन इंजिनिअर बॉब ऑर्बनने 1975 साली कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा), लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) आणि स्टिरिओ जनरेटर (डावा-उजवा आवाज एकत्र पाठवायला तयार करणारा) एकाच डब्यात बसवून ऑप्टिमॉड नावाचं यंत्र काढलं. आमचं धूड त्याच गोतावळ्यातलं, पण गरीब शाखेतलं. संस्कृतच्या बाई माइकपुढे कुजबुजतात, एनएसएसची पोरं बोंबलतात. दोघांना एका पातळीवर आणणं हे त्याचं काम.

घोळ असा, की एफएममध्ये खरखर वरच्या सुरांत जास्त ऐकू येते. म्हणून पाठवताना ते सूर मुद्दाम चढवतात आणि तुमचा रेडिओ तेवढेच उतरवतो. या चढवण्याला म्हणतात प्री-एम्फसिस. अमेरिकेत त्याचं माप 75 मायक्रोसेकंद, आपल्याकडे 50. म्हणजे धूड अमेरिकेच्या हिशेबाने चढवत होतं आणि इथले रेडिओ भारतीय हिशेबाने उतरवत होते. वर उरायचे तीनेक डेसिबल. 'स'चा शिट्टीसारखा आवाज यायचा. 'सकाळच्या सत्रात सर्वांचं सहर्ष स्वागत' ऐकलं की कुकर उतरवायला उठावंसं वाटायचं.

हे माप धुडातल्या रेझिस्टरवर ठरतं, म्हणून उपाय फक्त दोन रेझिस्टरचा, डाव्या-उजव्या चॅनेलला एकेक. 15 किलोओहम काढा, 10 किलोओहम लावा. शनिवारी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "एक टक्कावाले ना? सुटे नाहीत. 100चं पाकीट." (एक टक्का म्हणजे मापात तेवढीच चूक चालणारे.) मुलाकडची मंडळी बैठकीत जो सूर लावतात, त्या सुरात. पाकीट घेतलं. रविवारी डबा उघडायला गेलो तर स्क्रू सगळे इंची मापाचे आणि माझ्या ॲलन की मिलिमीटरच्या! तिथेच दोन तास गेले. उघडलाच आहे तर वाळलेले कपॅसिटरही बदलले. एका जागी तर ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) काढून जास्त नावाजलेला ऑप-ॲम्प लावला. कंप्रेसरची पातळी वाऱ्यावर सोडल्यासारखी सरकायला लागली. मुकाट्याने जुनाच परत बसवला. हा किस्सा मी घरीसुद्धा सांगितलेला नाही.

तर, सर्दी.

"मामा, आता आवाज बरोबर झालाय. आधी चुकीचा होता."

"चुकीचा म्हणजे? चार वर्षं ऐकतोय की. कसा खणखणीत यायचा. आता घोंगडं पांघरल्यागत येतोय."

"आधी 75 मायक्रोसेकंद होतं, आता 50 केलं."

"म्हणजे 25 कमी केलं." मामांचा हिशेब गल्ल्यावर बसून पक्का झालेला. "मायक्रो म्हणजे किती?"

"एका सेकंदाचे 10 लाख तुकडे करायचे. त्यातले 25."

मामांनी झारा कढईच्या काठावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग मिसळीच्या तर्रीकडे पाहिलं, जणू साक्षीला तिलाच बोलावलंय. "आन् एवढ्यासाठी रविवार घालवला?"

"नियम आहे मामा. भारतात 50च."

"हे बघा सर, तब्येतीला चांगलं म्हणून मी उद्या चहातली साखर अर्धी केली, तर गिऱ्हाईक काय म्हणंल? तब्येत सुधारली म्हणंल का चहा बिघडला म्हणंल?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी, की मामांचा रेडिओ एक्झॉस्ट फॅनच्या शेजारी खिळ्याला टांगलेला. खाली भांडी आदळतायत, बाजूला मिक्सर. त्या गदारोळात जुना, कानात टोचणारा 'स' खरंच आरपार जायचा. मी तिथे दहा मिनिटं कान लावून उभा राहिलो. आमच्या निवेदिकेचं एक वाक्य धड कळलं नाही. पण म्हणून काय कँटीनच्या पंख्याच्या मापाने स्टेशन चालवायचं? आवाज गोड लागला की निवेदिकेचं कौतुक, बिघडला की इंजिनिअरला फोन. कपॅसिटरचं बिल मंजूर व्हायला दोन महिने लागतात. तक्रार मात्र त्याच दिवशी पोचते.

पोचलीच. दुपारी संचालकांचा निरोप: "आवाज डल झाल्याचं कँटीनमधून कळलं. पूर्वीसारखं करून घ्यावं."

पूर्वीसारखं करायला 15 किलोओहमचे दोन हवेत. जुने दोन रविवारी झाडलोट करताना गेले. खिशात 10 किलोओहमचे 98 आहेत, आणि तपकीर गल्लीत सुटे मिळत नाहीत.