9 एमएम पिस्तुलाच्या परवान्याचा मेसेज चुकीचा
रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘रात्री केळीच्या बागेत पाणी भरायला जाता ना, मग 9 एमएमचाच परवाना काढा, .32 कुचकामी.’ असा परवाना जिल्हाधिकारी कचेरीत निघतच नाही. 9 एमएम हा प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). तो विषय केंद्र सरकारचा. सामान्य अर्जदाराला .32 किंवा .22 बोअरचं शस्त्र मिळतं, तेही पोलीस पडताळणीनंतर.

शिवाय .32 म्हटलं की सगळं एकच नव्हे. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला ठळक कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात घालू नये.

‘तोवर गावठी कट्टा (बेकायदा देशी पिस्तूल) ठेवा’ म्हणणाऱ्याला तर लांबूनच रामराम. प्रतिबंधित बोअरचं शस्त्र, मग तो कट्टा का असेना, विनापरवाना सापडलं, तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षाच 7 वर्षांची आहे.