आगीसमोर काढलेली वर्षंही मोजा

‘अग्निसुरक्षा तज्ज्ञ म्हणजे फायर इंजिनिअरिंगची पदवी असलेला माणूस’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. हे शिक्षण देणाऱ्या, १९५६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाबद्दल आदरच आहे. तिथे, नागपुरात शिकून गेलेले अधिकारी देशभर आहेत. पण फायरमन म्हणून भरती होऊन लीडिंग फायरमन, सब ऑफिसर अशा पायऱ्या चढलेला माणूस तुमच्या व्याख्येत कुठे बसतो? माझे वडील तसेच वर आले. धुराचा रंग बघून, बंद दाराला हाताची मागची बाजू लावून आत काय चाललंय ते ओळखायचे.

आमच्या सोसायटीचंच सांगते. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. परवानाधारक एजन्सीचा पदवीधर आला, गच्चीवरची टाकीही न बघता सही करून गेला. बाबांनी हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह फिरवून पाहिला, तर तो गंजून जाम! पुढच्या वेळी तज्ज्ञाची ओळख देताना पदवीशेजारी त्याने किती वर्षं प्रत्यक्ष आगी विझवल्या तेही लिहा.