डोंग्याचा हर्रास राहून गेला

लेख चांगला आहे. गावाच्या मालकीची नदीकाठची जमीन पूर्वी पट्ट्याने कशी दिली जायची, ते समजलं. पण लेखक काठावरच थांबले. पाण्यावरचा ठेका राहिलाच की! १८७८ चा उतारघाटांचा, म्हणजे डोंग्याने नदी पार करायच्या घाटांचा, कायदा आपल्या मध्य प्रांतालाही लागू होता. सरकारी घाटाच्या उताराची (पार जायच्या पैशांची) वसुली जाहीर हर्रास, म्हणजे लिलाव, करून देता यायची, आणि शहरातला घाट नगरपालिकेकडे सोपवायचीही सोय होती. ठेकेदाराला मनाला येईल तो दर लावता येत नसे. दरपत्रक लोकांच्या भाषेत, दिसेल असं घाटावर लावणं त्याला बंधनकारक होतं. (आजच्या रेतीघाटांवर असा फलक कुणाला दिसला तर सांगा.)

आणि पट्ट्याचंच म्हणाल तर अख्खा वऱ्हाड १९०२ च्या करारानं निजामाने इंग्रजांना वर्षाला २५ लाखांवर कायमचा देऊन टाकला होता!

एक विचारायचं आहे. तेव्हा वर्धा नदीच्या पूर्वेला मध्य प्रांतातली मालगुजारी (गावचा सारा मालगुजार भरायचा), पश्चिमेला वऱ्हाडातली रयतवारी (शेतकरी थेट सरकारला भरायचा). मग पूर ओसरल्यावर मधल्या रेतीत डांगरवाडी (डांगराची, म्हणजे खरबुजाची वाडी) लावणाऱ्या ढिवराकडून (मासेमाराकडून) पैसे नेमके कोण घ्यायचं? यावर जुने कागद सापडले तर पुढच्या लेखात जरूर लिहा.