दारू सुटली की मार सुटतो?

गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो. खेड्यात बाईला मार बसतो तो दारू आणि गरिबीमुळे. बाटली आडवी करा, म्हणजे गावात मतदान घेऊन दारूचं दुकान बंद करा, बाईला कमावती करा, प्रश्न मिटला. कायद्याचा तर बायका गैरफायदाच घेतात. सातारा-सांगलीत राहणाऱ्याला यातलं निम्मं पटतं, आणि घोटाळा त्या निम्म्यातच आहे.

आधी दारू. संबंध आहे, आणि मोठा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचा नवरा वरचेवर झिंगलेला असतो अशा 70 टक्के स्त्रियांनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. पण न पिणाऱ्यांच्या बायकांमध्येही हा आकडा 23 टक्के आहे. म्हणजे माळकरी घरंही सुटलेली नाहीत. बिहारात 2016 पासून दारूबंदी आहे, तरी याच पाहणीत तिथल्या 40 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं नोंदवलं. शिवाय झिंगलेला गडी मुकादमावर किंवा सोसायटीच्या चेअरमनवर हात टाकत नाही. कुणावर टाकायचा, एवढी शुद्ध त्याला असते. बाटली जरूर आडवी करा. मात्र मतदानाने परवान्याचं दुकान बंद होतं, ओढ्याकाठची हातभट्टी नव्हे.

गरिबीचा मुद्दा जास्त खोल आहे. पाहणीत सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत 39 टक्के, तर सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यात 17 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. बंगल्यातले हे 17 टक्के मजकूर लिहिणाऱ्याला दिसत नाहीत, ते असो. गरिबी भांडणाला निमित्त पुरवते आणि बाईची बाहेर पडायची वाट बुजवते.

ही वाट कशी बुजते ते ऊसतोडीत बघा. जत, आटपाडी, माणमधून जाणाऱ्या किंवा बीडकडून इथल्या कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांमध्ये नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधीची उचल मुकादम नवऱ्याच्या हातावर ठेवतो आणि हिशोबही त्याच्याच नावाने होतो. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. या कष्टाचा वेगळा रुपया कुठल्याच वहीत नसतो. ती आजारी पडली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, जोडीचा लागतो आणि त्याचा राग कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, तिच्यावर निघतो. मार खाऊन ती माहेरी निघाली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. त्यामुळे टोळी, मुकादम, सासू सगळे मिळून तिला थांबवतात. नवऱ्याने दारूचा थेंब घेतला नसला तरी ही साखळी चालते.

तीच गत आठवड्याच्या हप्त्याची. मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर, पैसा बोअरला किंवा नवऱ्याच्या मोटारसायकलला. हप्ता चुकला की गटातल्या बायका तिच्या दारात येऊन बसतात. गल्लीसमोर अब्रू गेली, असं म्हणत नवरा संध्याकाळी हात उचलतो.

बाई कमावती झाली की मार थांबतो, हेही सरसकट खरं नाही. रोख मजुरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये हिंसेची नोंद जास्तच सापडते. एक कारण असं की रोजाने जाणाऱ्या बायका मुळात गरीब घरच्या असतात. मजुरी मिळते, पण ती तिच्याकडे राहते का? खातं तिचं असतं आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा, त्यामुळे पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यालाच आधी जातो. सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. माहेरच्या जमिनीवर कायद्याने हक्क असतो, पण चोळी-बांगडी तुटू नये म्हणून तिने हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. मग मार खाऊन आलेल्या बहिणीला भाऊ चार दिवस ठेवून घेतो आणि पाचव्या दिवशी 'दिल्या घरी' पोचवतो. म्हणून नवरा हयात असतानाच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावणारी लक्ष्मी मुक्ती योजना शिलाई मशीन वाटपापेक्षा मोलाची वाटते. फक्त अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो, तिथेच ती अडते.

मारण्याला मान्यता आहे, हा तर मजकुरात विषयच नाही. पाहणीतल्या 45 टक्के बायकांना आणि 44 टक्के पुरुषांना सात कारणांपैकी एखाद्या कारणासाठी तरी बायकोला मारणं रास्त वाटतं. सर्वांत जास्त पटणारं कारण म्हणजे सासू-सासऱ्यांचा मान न राखणं.

आता गैरफायदा. हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही, कुणाला सांगितलंही नाही. मदत मागितली फक्त 14 टक्क्यांनी. नवरा-सासरच्यांच्या छळाविरुद्धच्या कलम 498अ मध्ये, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये, तक्रार आली की लगेच अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं आहे.

प्रत्यक्षात अडतं ते वेगळ्याच जागी. सरकारी दवाखान्यात केसपेपरवर 'पडून लागलं' असं लिहिलं गेलं की पुढे पुरावा उरत नाही. नवऱ्याने मारलं हे डॉक्टरांना तिथेच सांगायचं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक घटना अहवाल भरून घ्यायचा आणि दंडाधिकाऱ्याकडे कलम 12 चा अर्ज करायचा. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बऱ्याच अर्जांत फक्त पोटगी मागितलेली असते. तिच्या जोडीला कलम 18 खाली संरक्षण आणि 19 खाली घरात राहण्याचा हक्क मागायला हवा, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. निकाल 60 दिवसांत लावायचा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडत राहतात. म्हणून कलम 23 खाली अंतरिम आदेश त्याच अर्जात मागायचा.

गावात याऐवजी काय होतं? तंटामुक्तीची बैठक बसते, स्टॅम्पवर 'पुन्हा मारणार नाही' लिहून घेतात, चहा होतो. तो कागद नवऱ्याने मोडला तर त्या कागदावरून पोलीस काहीच करू शकत नाहीत. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत पक्षकाराला आणि पोलीस ठाण्याला फुकट मिळते. आपली प्रत घरातल्या ट्रंकेत ठेवू नये, विश्वासातल्या शेजारणीकडे द्यावी. ट्रंकेची किल्ली बहुधा सासूच्या कमरेला असते.