फाइल सुखरूप तर शाळा सुखरूप

मुख्याध्यापकपदाचा कार्यभार स्वीकारल्याबद्दल अभिनंदन. चार्ज घेताना डेडस्टॉक रजिस्टर, किल्ल्यांचा जुडगा आणि खिचडीच्या तांदळाची शिल्लक तुम्ही नीट तपासून घेतली असेलच. मुलं तपासत बसू नका. ती यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीच्या संगणकावर आहेत.

आता बालसुरक्षा. विषयाचं नाव ऐकून पोटात गोळा येतो, पण काम सगळं कारकुनी आहे. 'बालसुरक्षा' नावाची फाइल करा. पुठ्ठा जाड घ्या, कारण तपासणीला आलेले साहेब फाइल उघडण्याआधी हातात तोलून बघतात. वरती परिपत्रकं लावा: तक्रारपेटीचं २०१७ सालचं, सखी सावित्री समितीचं मार्च २०२२चं आणि बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्यावर शहर पेटलं तेव्हा निघालेलं २१ ऑगस्ट २०२४चं. वाचू मात्र नका. वाचलीत तर ध्यानात येईल की तिसऱ्यात पुन्हा त्याच पेटीची आणि त्याच समितीची आठवण करून दिलेली आहे. मग, आधीची दोन परिपत्रकं असताना तिसरं का काढावं लागलं, असले प्रश्न पडायला लागतात. मुख्याध्यापकाला प्रश्न पडणं बरं नाही.

तक्रारपेटी घ्या. स्टेशनरीच्या दुकानात लाल रंगाची, पुढे काच असलेली पत्र्याची पेटी मिळते. ती तुमच्या केबिनच्या दारालगत लावा, म्हणजे कोण चिठ्ठी टाकतंय ते तुम्हाला खुर्चीतून दिसेल. उंची साधारण शिपायाच्या खांद्याएवढी ठेवा. पहिलीतल्या मुलाचा हात तिथवर पोचत नाही, असं एखादी नवखी शिक्षिका म्हणेल. तिला सांगा, बाई, पहिलीतल्या मुलाला लिहिता तरी कुठे येतं? 'मला त्या काकांबरोबर बाथरूमला जायचं नाही' एवढं वाक्य लिहायला दोन इयत्ता जाव्या लागतात आणि त्यातही जोडाक्षर आहे. कुलूप लावल्याशिवाय पेटीचा फोटो काढू नका. किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये, खडूच्या डब्याखाली. वर्षाअखेरी पेटी रिकामी निघाली की 'एकही तक्रार प्राप्त नाही' असं लिहून सही-शिक्का करा. शाळा सुरक्षित असल्याचा याहून मोठा पुरावा नसतो.

सखी सावित्री समितीत महिला डॉक्टर, समुपदेशक, अंगणवाडी सेविका, पालक आणि विद्यार्थी अशी बरीच मंडळी लागतात. ती जमवायची नसतात, त्यांची नावं जमवायची असतात. डॉक्टरबाई तालुक्याला असतात आणि त्यांना आपण समितीत आहोत हे ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. समितीचा बोर्ड मात्र रंगवून घ्या, फ्लेक्स लवकर फिका पडतो. बैठकीचं इतिवृत्त जूनमध्ये एकदाच नीट लिहा आणि पुढच्या प्रत्येक बैठकीला 'मागील इतिवृत्त वाचून कायम केले' एवढंच लिहा. खिचडीच्या चव रजिस्टरवर गुरुजी महिन्याच्या सह्या एकाच दिवशी करतात ना, तीच पद्धत इथेही चालते.

सीसीटीव्हीवर खर्च करायला हरकत नाही. पालकांना कॅमेरा दिसला की फीवाढ कमी टोचते. एक फाटकावर, एक फी भरण्याच्या खिडकीवर, एक शिक्षकखोलीत (कोण किती वाजता चहा पितं हे कळायला हवं) आणि उरलेले पुढच्या व्हरांड्यात. इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, जिथे स्वच्छतागृह आहे आणि बालवाडीतल्या पोरांना कोणीतरी हात धरून नेतं, त्या वाटेवर कॅमेरा लावायला वायर पुरत नाही. वायर कधीच पुरत नाही. स्क्रीन तुमच्या टेबलासमोर ठेवा, नऊ चौकोनांचा. त्यातले तीन काळे असले तरी खोलीला भारदस्तपणा येतो. चित्रणाचं काय? बदलापूरच्या शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नाही, असं तेव्हा खुद्द शिक्षणमंत्र्यांना सांगावं लागलं होतं. यंत्र आहे, कधी चालतं, कधी नाही. डीव्हीआरला माणसासारखी साक्षीला बोलावायची सोय नाही, हा त्याचा मोठाच गुण.

नोकरभरती हा तुमचा विषय नाही, तो संस्थाचालकांचा. सफाई कामगार, शिपाई, व्हॅनवाले काका ही सगळी मंडळी ठेकेदारामार्फत येतात, आणि ठेकेदार अध्यक्षांच्या ओळखीचा असतो. पोलीस पडताळणी मागायचा मोह आवरा. 'पडताळणी प्रक्रियेत आहे' असं एक पत्र फाइलला लावलं की काम झालं. प्रक्रिया हा शब्द आपल्या प्रशासनाने जगाला दिलेली देणगी आहे, त्यात माणूस निवृत्तीपर्यंत आरामात राहू शकतो. बालवाडीच्या मुलींना स्वच्छतागृहात न्यायला बाईच असावी, हे कोणालाही कळतं. पण बाई ठेवायची तर पगार वाढतो, आणि वाढलेला पगार गॅदरिंगच्या बजेटातून कापावा लागतो. यंदा गॅदरिंगला आमदार येणार आहेत.

'गुड टच, बॅड टच'चं व्याख्यान वर्षातून एकदा ठेवा, शक्यतो शनिवारी शेवटच्या तासाला. चारशे मुलं पटांगणात उन्हात बसवा, माइक खरखरू द्या. वक्त्याने 'असं काही झालं तर कोणाला सांगाल?' असं विचारलं की मुलं एका सुरात 'बाईंनाऽऽ' म्हणतात. फोटो त्याच क्षणी काढायचा. एखादी मुलगी खरंच बाईंना सांगेल, ही शक्यता कार्यक्रमाच्या नियोजनात धरलेली नसते.

पण समजा तसं झालं. एखादी आई मुलीचा हात धरून सकाळी दहा वाजता केबिनबाहेर उभी राहिली. पोर तीन दिवस शाळेत यायला रडतेय, दुखतंय म्हणतेय. इथे तुमच्या अनुभवाचा कस लागतो. आधी आईला बसवा, चहा सांगा. मुलीला बाहेरच्या बाकावर बसवा, शिपायाच्या शेजारी. मग विचारा: सायकल शिकतेय का? घरी कोणी पाहुणे आले होते का? हल्ली मोबाइलवर काय काय बघतात मुलं. आवाज मऊ ठेवा. मग संस्थेचा इतिहास सांगा, दहावीचा निकाल सांगा, अध्यक्षांच्या वडिलांनी स्वतःची जमीन कशी दिली ते सांगा. शेवटी, 'ताई, मुलीची जात आहे, उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय, नाव बाहेर गेलं तर?' हे वाक्य हमखास लागू पडतं. मुलगी चार वर्षांची असली तरी लागू पडतं.

कोणी कायद्याचा किडा तुम्हाला पॉक्सो दाखवेल. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा कायदा आहे. त्याचं १९वं कलम म्हणतं की असा गुन्हा घडल्याची माहिती असेल, तर ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. २१वं कलम म्हणतं, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'आधी अंतर्गत चौकशी समिती नेमावी, मग अध्यक्षांशी बोलावं, मग गणपती झाल्यावर बघू' असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, ही त्यातली मोठी उणीव. ती तुम्ही भरून काढा. तीन सदस्यांची समिती नेमा, तिघेही त्याच माणसाबरोबर डबा खाणारे. समितीने मुलीला समोर बोलावून 'नक्की कोण? नीट बघून सांग' असं त्या माणसादेखत विचारावं. मुलगी गप्प राहील. 'आरोपात तथ्य आढळले नाही.'

आई तरीही पोलीस ठाण्यात गेली तर तुमच्या हातात फारसं नाही, पण निराश व्हायचं कारण नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्याने आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात लाकडी बाकावर बसून राहण्याची सोय आपल्याकडे उत्तम आहे. बदलापुरात गुन्हा नोंदवून घ्यायलाच अर्धा दिवस गेला होता. अर्ध्या दिवसात पुष्कळ आयांचं मन बदलतं. तिथे मात्र नाही बदललं, आणि २० ऑगस्टला लोक सकाळीच रुळांवर उतरले. लोकल संध्याकाळपर्यंत अडकून पडल्या. नंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शाळेला नेमका तोच १९व्या कलमाचा प्रश्न विचारला. एवढ्या टोकाला जाईपर्यंत तुम्ही थांबू नये असा आमचा सल्ला आहे. त्याआधीच मुख्याध्यापक निलंबित करावा लागतो, आणि मुख्याध्यापक तुम्ही आहात. अध्यक्ष नव्हेत.

१०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवून घ्या. बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून. शाळेच्या आत मुलांना फोन आणायला बंदी आहे.

आणि हो, त्या माणसाचं काय करायचं हे राहिलंच. त्याला काढू नका. काढलं की कारण लिहावं लागतं. त्याच्याकडून राजीनामा घ्या, 'घरगुती अडचणींमुळे', आणि जाताना लेटरहेडवर एक दाखला द्या: 'काम समाधानकारक, वर्तणूक उत्तम.' शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत त्याला महिन्याभरात काम मिळेल. तिथले मुख्याध्यापक तुमचे जुने स्नेही आहेत, विचारणार काही नाहीत. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी तुमच्याकडे एक व्हॅनवाला पाठवला होता, तेव्हा तुमच्या शाळेनेही कुठे काही विचारलं होतं? चार्ज घेताना फाइलमध्ये त्याचा दाखला दिसला असेल तुम्हाला. वर्तणूक उत्तम आहे त्याची. सकाळी बालवाडीची पहिली फेरी तोच करतो.