तुम्हाला तिकडे बसून काय कळणार

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप मी मेलबर्नला आल्यापासून म्यूटवर ठेवलाय. पाण्याचे टँकर, पार्किंग, कुणाचं कुत्रं लिफ्टमध्ये. गेल्या आठवड्यात मात्र एका रात्रीत दोनशेच्या वर मेसेज आले.

विषय सी विंगमधल्या एक बाई. त्या आणि त्यांचे यजमान येऊरच्या पाड्यावरच्या नि सोसायटीतल्या मुलांचा एकत्र अभ्यास घेतात, फुकट. सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांनी माइकवर सांगितलं, की लहानपणी नात्यातल्याच एकाने त्यांच्यावर अत्याचार केला होता. यजमानांचंही तसंच. दोघांची ओळख झाली तीही मुलांना शिकवतानाच. टाळ्या पडल्या म्हणे. रात्री ग्रुपवर सुरू: ‘वाईट वाटतंच, पण मुलांना तिथे पाठवावं का? ज्यांच्या बाबतीत असं होतं तेच पुढे...’ पुढे टिंबं. आपल्याकडे असलं सगळं टिंबांतच बोलतात.

मी बाईंच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या. लगेच कमिटीतल्या एकाचं उत्तर: ‘दादा, तुम्हाला तिकडे बसून काय कळणार?’

बरं, मग तिकडचंच सांगतो. दर शनिवारी सकाळी मी ऑस्किकला, म्हणजे इथल्या लहान मुलांच्या फुटबॉलच्या सरावाला, मदतीला जातो. त्यासाठी वर्किंग विथ चिल्ड्रन कार्ड लागतं, दर पाच वर्षांनी नवं. त्यात माणसाने काय केलंय ते तपासतात. त्याच्यावर काय गुदरलंय, हा रकानाच नाही. आमच्या कमिटीला नेमका तेवढाच रकाना हवाय.

आणि ती टिंबं? 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या 224 मुलग्यांचा मागोवा घेतला, त्यांतल्या 26 जणांनी पुढे असा गुन्हा केल्याचं आढळलं. म्हणजे उरलेल्या 198 जणांना आपण दारातच उभं करायचं. बाईंचा तर त्या हिशेबात समावेशही नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, तेव्हा याच ग्रुपवर ‘फाशी द्या’चा पाऊस पडला होता. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा. प्रकार कळला तर कळवलाच पाहिजे, असं त्याचं कलम 19 सांगतं. तेही कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं. लांबच्या पीडितेसाठी आपण मेणबत्त्या लावतो. तीच बाई लिफ्टमध्ये शेजारी उभी राहिली की मजल्याच्या आकड्यांकडे बघत बसतो.

एक गोष्ट मी ग्रुपवर गाळली. हे कार्ड-बिर्ड असलेल्या देशातच चर्चनी आणि शाळांनी वर्षानुवर्षं असले प्रकार दाबले. 2013 ते 2017 त्यावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, 8,000 हून जास्त लोकांनी बंद खोलीत आपली हकिकत सांगितली. तोंड उघडायला त्यांना सरासरी 23.9 वर्षं लागली होती.

मला 31 लागली.

नौपाड्याच्या आमच्या चाळीत कॅरम शिकवायला येणारे एक काका होते. बस, एवढंच. इथे एका काउन्सेलरला मी ते सगळं सांगितलं, इंग्रजीत, फारसं न अडखळता. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. मराठीत सांगायला गेलो की कॅरमवरच्या पावडरचा वास येतो, आणि आईने त्यांच्यासाठी केलेला आल्याचा चहा. मराठीत मी ते वाक्य आजवर एकदाही बोललेलो नाही. तेव्हा त्या बाईंची बाजू मी मोठ्या तावातावाने मांडली खरी, पण त्या माइकसमोर उभ्या राहिल्या ते ठाण्यात, मराठीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टने खाली उतरल्या. मी दहा हजार किलोमीटरवरून दोन ओळी टाकल्या.

परवा शनिवारी एका पोराची लेस सुटली. ‘बांधू का?’ विचारलं. त्याने चिखलाचा बूट सरळ माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मान वळवून मॅच बघत राहिला. सहा वर्षांचा असेल. मी दुहेरी गाठ मारली, मग उगाच अजून एक. या वयात मी मोठ्या माणसांचे हात जवळ आले की अंग चोरायचो.

डिसेंबरमध्ये ठाण्याला येतोय, तीन आठवडे. पाचवी-सहावीचं गणित मला बरं जमतं. वहिनीकडे त्या बाईंचा नंबर मागितला, तर तिचा मेसेज आला: ‘देते, पण तुम्हाला कशाला हवाय?’

दोन दिवस झाले. मेसेज तसाच आहे.