कंपनीच्या साहेबांना सरकारात नेमण्यापूर्वी

एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचे नाव वरिष्ठ सरकारी पदासाठी पुढे आले आणि त्यांची पारख करण्याची जबाबदारी आपल्यावर पडली, तर सरकार ही तोट्यात चाललेली कंपनी आहे, एवढे आधी मनाशी पक्के करावे. हे मान्य केले की पुढचे सारे सोपे होते. ज्याने कंपनी नफ्यात आणली तो सरकारही नफ्यात आणील, या विधानाला मग पुरावा लागत नाही. आणि सरकारचा नफा म्हणजे काय, तो कोणाच्या खिशातून काढायचा, असे विचारणारा माणूस परस्पर विकासविरोधी ठरतो.

पहिली कसोटी संपत्तीची ठेवावी. ज्याच्याकडे इतका पैसा आहे तो आणखी कशाला खाईल, हा युक्तिवाद बिनतोड आहे, कारण श्रीमंत माणसाला अधिक श्रीमंत व्हावेसे वाटल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात नाहीच. शेअरांचा विषय मात्र शक्यतो काढू नये. जनरल मोटर्सचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांना अमेरिकेचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संरक्षणमंत्री नेमायचे ठरवले, तेव्हा 1953 च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटच्या समितीने हा अगोचरपणा केला होता. कंपनी लष्कराच्या मोठ्या पुरवठादारांपैकी एक होती आणि तिचे सुमारे 25 लाख डॉलरचे शेअर विल्सन यांना सोडवत नव्हते. देशाच्या हिताचा पण कंपनीच्या तोट्याचा निर्णय घ्याल का, असे विचारल्यावर ते म्हणाले की जरूर घेईन, पण असा प्रसंग येईल याची कल्पनाच करवत नाही, कारण देशाच्या भल्यात जनरल मोटर्सचे भले आणि जनरल मोटर्सच्या भल्यात देशाचे, असेच आपण वर्षानुवर्षे मानत आलो आहोत. इतक्या निर्मळ उत्तरानंतरही त्यांना शेअर विकायला लावण्यात आले. पुढे तिथला कायदा समजूतदार झाला. पद स्वीकारण्यासाठी शेअर विकावे लागले, तर ते पैसे ठरावीक सुरक्षित गुंतवणुकीत टाकून नफ्यावरचा कर लांबणीवर टाकण्याची सवलत त्याने दिली. 2006 साली गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे प्रमुख हेन्री पॉल्सन अर्थमंत्री झाले, तेव्हा त्यांना जवळपास 50 कोटी डॉलरचे शेअर याच तरतुदीखाली विकता आले. लोकसेवेसाठी एवढा त्याग करणाऱ्याला हितसंबंधांविषयी विचारणे आपल्याला तरी शोभणार नाही.

दुसरी कसोटी आकड्यांची, आणि हिच्यावर आपण सर्वाधिक भर द्यावा. ज्याला प्रत्येक गोष्ट मोजता येते त्याला प्रत्येक गोष्ट कळते, असे खुशाल धरून चालावे. रॉबर्ट मॅक्नामारा हे या बाबतीत आदर्श उमेदवार होते. 1960 च्या नोव्हेंबरात ते फोर्ड कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या जानेवारीत केनेडींचे संरक्षणमंत्री. खर्च, उत्पादन आणि पुरवठा यांची आकडेवारी त्यांना मुखोद्गत असे. व्हिएतनामच्या युद्धातही त्यांच्या खात्याने प्रगती मोजणे थांबवले नाही. तिथे जिंकलेल्या भूभागावरून अंदाज येईना, म्हणून शत्रूची प्रेते मोजण्यात आली, आणि वर मोठा आकडा हवा असतो हे ओळखून खालून मोठा आकडा येत राहिला. तक्त्यांत युद्ध कितीतरी काळ उत्तम चालले होते. 1995 साली मॅक्नामारा यांनी स्वतःच लिहिले की आपण चुकलो, भयंकर चुकलो. पण निवृत्तीनंतरच्या हळवेपणाला निवड समितीने महत्त्व देऊ नये.

धडाडीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. उमेदवाराने किती माणसे कामावरून काढली ते विचारावे आणि संख्या ऐकून समाधानाने मान डोलवावी. कंपनीला न परवडणारे गिऱ्हाईक सोडून देता येते, पण म्हातारे, आजारी आणि करही भरू न शकणारे नागरिक सरकारला दुसऱ्या दुकानात पाठवता येत नाहीत, ही किरकोळ अडचण त्यांना रुजू झाल्यावर कळेलच. कायदेमंडळाची मंजुरी, निविदांचे नियम, लेखापरीक्षण आणि न्यायालये यांनाही ते आठवडाभरात वळण लावतील, असा विश्वास ठेवावा. ज्यांनी आयुष्यभर हुकूम सोडले त्यांना हुकूम ऐकणे जमेल का, अशी शंका आल्यास एक्सॉनमोबिल या तेल कंपनीत चार दशके काढलेल्या रेक्स टिलरसन यांचे स्मरण करावे: 2017 च्या फेब्रुवारीत ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले आणि 2018 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी ट्विटरवरून त्यांचा उत्तराधिकारी जाहीर करून टाकला. ट्विटरवरचा हुकूम झेलण्यापुरते तर ते शिकलेच.

सावध राहायचे ते एकाच प्रकारच्या उमेदवारापासून. हा माणूस मुलाखतीत स्वतःच प्रश्न विचारू लागतो: माझे अधिकार कोणत्या कायद्यात आहेत, माझ्या निर्णयाने नुकसान झालेल्यांनी दाद कोठे मागायची, माझ्या जुन्या कंपनीचा विषय निघाल्यास मी बैठकीतून उठायचे ना? असल्या माणसाला चहा पाजून निरोप द्यावा. अमेरिकेत 2001 साली ही खबरदारी घेतली गेली नाही आणि अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे पॉल ओनील अर्थमंत्री होऊन बसले. त्यांच्या पूर्वायुष्यातच धोक्याच्या खुणा होत्या. उमेदीची वर्षे त्यांनी सरकारच्या अंदाजपत्रक कार्यालयात घालवली होती, आणि 1987 मध्ये अल्कोआची सूत्रे हाती घेताच नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षिततेविषयी बोलून त्यांनी गुंतवणूकदारांना चक्रावून टाकले होते. मंत्री झाल्यावर त्यांनी व्हायचे तेच केले: तूट वाढत असताना आणखी करकपात कशाला, असे ते आपल्याच सरकारला विचारू लागले. 2002 च्या डिसेंबरात त्यांचा राजीनामा मागून घेण्यात आला. त्यांच्या जागी आलेले जॉन स्नो हे एका रेल्वे कंपनीचे प्रमुख होते आणि करकपातीबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती.